दिवाकरच्या आवाजामागचा आवाज

"वाजेल का हे?" इन्स्पेक्टर ठवरे यांनी रुमालाची गाठ सोडली आणि एक कॅसेट माझ्या टेबलावर ठेवली. तिचा एक कोपरा वितळून मेणासारखा गोळा झाला होता. जळक्या रबराचा वास येत होता.

"आतली फीत शाबूत असेल तर वाजेल," मी म्हटलं. "कुठली आहे?"

"उमरेड रोडवरच्या शेडातली."

पुढे काही विचारायची गरज नव्हती. त्या शेडची बातमी नागपूरभर झाली होती. भरदुपारी तिथे स्फोट झाला होता. बॉम्ब जुळवता जुळवता हातातच फुटला आणि एक तरुण जागच्या जागी गेला. बाकीचे पळाले. संघटनेचं नाव मी इथे लिहीत नाही. तेव्हा मला ते कोणी सांगितलंही नव्हतं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरच्या सदर भागातल्या एका खाजगी स्टुडिओत साउंड रेकॉर्डिस्ट होतो. आमच्याकडे दंतमंजनाच्या जाहिराती व्हायच्या, भजनाच्या कॅसेटी व्हायच्या, निवडणुकीत रिक्षावरून ओरडायच्या घोषणा व्हायच्या. पोलिसांचं काम मी आधी एकदाच केलं होतं, एका धमकीच्या फोनची टेप साफ करून दिली होती. ठवरेंना तेवढी ओळख पुरे होती.

"मुंबईच्या लॅबमध्ये पाठवली तर महिना जाते," ते म्हणाले. "माझ्यापाशी महिना नाही. पळालेले पोट्टे कुठं आहेत, पुढं काय करून राहिले, काहीच मालूम नाही."

मी कॅसेटचे स्क्रू काढले. फिरक्या अलगद उचलून दुसऱ्या चांगल्या खोक्यात बसवल्या. सुरुवातीचा थोडा भाग जळून गेला होता, तो कापून जोड दिला. मे महिना होता. स्टुडिओतला कूलर बंद केला, कारण त्याच्या घरघरीत काही ऐकू येत नाही. दार लावलं. हेडफोन चढवला आणि टेप सुरू केली.

एक तरुण आवाज आपल्या इकडच्या मराठीत बोलत होता.

"जिथं राहाल... तिथल्या शेजाऱ्याशी हसून... बोला. त्याच्या लेकराले... गोळ्या द्या. त्या लेकराचं नाव... लक्षात ठेवू नका."

शिकवणी होती ती. गावात राहायचं कसं, भाड्याची खोली कशी मागायची, दुकानदाराशी किती बोलायचं, सोबत्यावर शंका आली तर ती चेहऱ्यावर कशी दिसू द्यायची नाही. शस्त्रांचं त्यात काही नव्हतं. ते असतं तर मला बहुधा कमी भीती वाटली असती.

मला खटकत होते ते पॉज. पॉज म्हणजे बोलताना मध्ये थांबणं. आमच्या धंद्यात आम्ही ते कात्रीने कापतो, म्हणून कान तिकडे आधी जातो. मराठी माणूस कुठे थांबतो ते मला ठाऊक आहे. 'हसून' आणि 'बोला' यांच्यामध्ये कोणी थांबत नाही. हा थांबत होता. अडखळून नाही, ठरवून. जणू वाक्य दुसऱ्याच कुणाचं होतं आणि याचं फक्त तोंड होतं.

मग मी इक्वलायझर लावला. आवाजातला जाड भाग आणि बारीक भाग वेगवेगळा कमी-जास्त करायचं ते यंत्र. तरुणाचा आवाज दाबला आणि मागची खोली वर आणली. प्रत्येक खोलीला स्वतःचा एक आवाज असतो. कोणी बोलत नसलं तरी तो असतो.

त्या खोलीत आणखी दोघं होते.

एक जण हळू आवाजात हिंदीत सांगत होता. तो एक वाक्य सांगे, मग तरुण ते मराठीत बोले. आणि त्याच्याही मागे, खूप दुरून, दुसऱ्या एका टेपरेकॉर्डरवर एक म्हातारा बोलत होता. भाषा मला कळेना. हिंदी नाही, उर्दू नाही, इंग्रजी नाही. आवाज शांत होता, शाळेतल्या प्रेमळ मास्तरांसारखा. तो जिथे थांबे, तिथेच हिंदीवाला थांबे. आणि मग आपला मराठी पोरगाही तिथेच थांबे.

मी दुसरा हेडफोन जोडून ठवरेंच्या कानाला लावला. त्यांनी बराच वेळ ऐकलं.

"हे तं परदेशी दिसते," ते म्हणाले. "आपल्या पोट्ट्यायले त्याचं काय काम?"

"काम त्याला आहे साहेब. ही मुलं त्याचं म्हणणं पाठ करताहेत."

टेप संपत आली. हिंदीवाला म्हणाला, "बस. हो गया. तू जा, चाय पी ले." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दार उघडलं, लागलं. ठवरे हेडफोन काढायला लागले. मी खुणेने थांबवलं. रेकॉर्डिंगचं बटण बंद करायला कोणीतरी विसरलं होतं. फीत फिरत होती. आणि मागे तो म्हातारा अजून बोलत होता. पाच-सहा वाक्यं. त्याच शांत आवाजात. हिंदीवाल्याने त्यातलं एकही भाषांतर केलं नाही. शेवटी खट्ट झालं आणि म्हातारा बंद पडला.

मी फीत पुन्हा सुरुवातीला गुंडाळली.

"तो पोट्टा कोण असंल?" ठवरेंनी विचारलं.

"ओळखीचा वाटतो. पण शपथेवर नाही सांगू शकत. आवाज त्याचा आहे, बोलणं त्याचं नाही."

मी जुन्या जाहिरातींच्या टेपा काढल्या. दंतमंजनाची एक जाहिरात लावली. मग पुन्हा कॅसेट. मग पुन्हा दंतमंजन. 'द' म्हणताना जीभ दातांमागे किंचित जास्त रेंगाळायची, ती दोन्हीकडे सारखी होती. तिसऱ्यांदा ऐकल्यावर शंका राहिली नाही.

दिवाकर. आमच्याकडे डबिंगला यायचा. पंचविशीचा असेल. गल्लीतल्या नाटकांत काम करायचा. आवाज खरोखर चांगला होता. रेडिओच्या आवाज-चाचणीत तो पुन्हा पुन्हा नापास झाला, कारण उच्चार 'शुद्ध' नव्हते. "भाऊ," तो मला म्हणायचा, "माह्या आवाजाले घरदारच नाही." गेल्या काही महिन्यांपासून तो आला नव्हता. मला वाटलं, कुठे नोकरी लागली असेल.

ठवरे मला सोबत घेऊनच त्याच्या घरी गेले. आई एकटीच होती, शांताबाई. ओसरीवर तुरीची डाळ निवडत होती. मला ओळखून तिने पाणी आणलं.

"दिवाकर कुठं आहे, बाई?" ठवरे साध्या कपड्यांत होते.

"गोंदियाले नोकरी लागली त्याले. पत्ता देतो म्हने, अजून नाही धाडला." ती माझ्याकडे वळली. "भाऊ, तुमी सांगा बरं. त्याले बिमारी तं नाही ना काही?"

"काहून? काय झालं?"

"आरशापुढं उभा राहून बोलत राहे. थांबून थांबून. मी म्हटलं, काहून गा, दम लागते का तुले? तं माह्याकडं पाहून हासला. पर ते हासनं त्याचं नोयतं. पोटचा पोरगा हाय माहा, मले नाही समजन का?"

आम्ही बाहेर पडलो. गोंदियाला कोणी दिवाकर नव्हता, ते ठवरेंच्या माणसांनी तारेने विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दिल्लीहून एक अधिकारी आले. सडपातळ, कमी बोलणारे. ती परदेशी भाषा त्यांना येत होती. माझ्या खुर्चीवर बसून त्यांनी हेडफोन लावला आणि सुरुवातीची दोन वाक्यं ऐकताच मान हलवली. जुना परिचित भेटावा तशी.

"हा आवाज आम्ही ओळखतो," ते हिंदीत म्हणाले. "हीच शिकवणी दुसऱ्या देशांतल्या टेपांवरही सापडली आहे. प्रत्येक ठिकाणी तिथल्या भाषेत, तिथल्याच मुलाच्या तोंडून. लोक मागण्या वेगळ्या करतात, झेंडे वेगळे लावतात. शिकवणी हीच."

"मग याला पकडत का नाहीत?" ठवरेंनी विचारलं.

"हा केव्हाच मेला. त्याची टेप फिरते."

मी शेवटचा भाग लावून दिला, चहा प्यायला सांगितल्यानंतरचा. दिल्लीच्या साहेबांनी तो तीनदा ऐकला. मग एकेक वाक्य सांगितलं आणि मी ते मनातल्या मनात मराठीत ऐकलं.

"ज्याच्या आवाजात हे पोचवाल, त्याला परत पाठवू नका. चेहरा झाकता येतो. आवाज झाकता येत नाही. तो आपला असला तरी नाही. त्याला सांगा की त्याला मोठ्या कामासाठी दूर पाठवतो आहोत. त्याला आनंदात ठेवा."

दिवाकर शेजारच्या खोलीत चहा पीत असताना ही वाक्यं वाजत होती.

ठवरे उठून उभे राहिले. "पोट्टा जिता असंल का?"

"असेल तर एवढ्याचसाठी की स्फोटामुळे यांची पळापळ झाली आहे," साहेब म्हणाले. "खोली शोधा."

खोली शोधायची म्हणजे पुन्हा टेपकडेच जायचं. मी तिन्ही माणसं दाबली आणि नुसती खोली ऐकली. पंखा नव्हता. रस्ता नव्हता. भिंतीपलीकडे काहीतरी चालू होतं, एकसारखं. मी डोळे मिटले आणि मला हसू आलं. भीतीतही आलं.

माग होता तो. हातमाग.

मी कोष्ट्याच्या घरातला. उमरेडला आमच्या घरी दोन माग होते. वडील नऊवारी विणायचे. पाळण्यात असल्यापासून तो आवाज माझ्या कानात आहे. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी लाकडी नळी, डावीकडे धडकला की खट्, उजवीकडे धडकला की खट्, आणि मध्ये फणीने धागा ठोकला की धप्. या मागात डावी खट् कोरडी होती. उजवी मात्र बोदी होती, उशीवर काठी मारल्यासारखी.

"नागपुरात माग किती असतील?" साहेबांनी विचारलं.

"पुष्कळ. पण असा आजारी एखादाच."

इतवारीच्या पलीकडच्या कोष्टी वस्त्यांत मी आणि ठवरे सकाळपासून फिरलो. मी सायकल हातात धरून पुढे, ते उसाचा रस पीत, पान खात मागे. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. घराघरातून माग ऐकू येत होते. लहानपणी तो आवाज म्हणजे मला आई-बापांचं बोलणं वाटायचा. त्या दिवशी मात्र प्रत्येक दारातून कोणीतरी माझ्यावर कान लावून बसलं आहे असं वाटत होतं. एका बाईने विचारलं, "काय पाहून राहिला गा?" मी म्हटलं, "भाड्यानं खोली." आणि माझं मलाच चमकायला झालं. टेपवर नेमकं तेच उत्तर शिकवलं होतं.

एका अरुंद बोळात मी थांबलो. खट्. धप्. मग बोदी खट्. धप्.

दार उघडंच होतं. एक वयस्क विणकर मागावर बसला होता. मी 'राम राम' केला, ओळख दिली, वडिलांचं नाव सांगितलं. त्याने हात थांबवला नाही.

"काका, उजव्या बाजूले धोटा असा काहून वाजते?"

"चिंधी बांधली ना बापू. त्या अंगाले नातीन झोपते. खडखडाटानं दचकून उठे."

उजवीकडे पाळणा होता. त्याच्या मागे भिंत होती.

"अन् भिंतीपलीकडं?"

"भाडेकरू आहे. मोठे चांगले लोक. पोरीले रोज गोळ्या आणून देतात."

मी ठवरेंकडे पाहिलं. त्यांनी म्हाताऱ्याला हळूच हात करून माग थांबवायला सांगितला. शांत झालं. पाळण्याची दोरी करकरत होती, तीही थांबली. मग भिंतीतून आवाज आला. एक माणूस स्वतःशीच बोलत होता.

"शेजाऱ्याशी हसून... बोला. हसून... बोला."

ठवरेंच्या माणसांनी बोळाची दोन्ही तोंडं अडवली आणि मागचं दार उघडलं. दिवाकर सतरंजीवर बसला होता. दाढी नीट केलेली, इस्त्रीचा नवा शर्ट. समोर टेपरेकॉर्डर. तो घाबरला नाही. मला पाहून त्याला नवल वाटलं एवढंच.

"भाऊ? तुमी... इथं कसे?"

"तू इथं काय करून राहिला?"

"गाडी येनार आहे माही. बाहेर देशात पाठवून राहिले मले. मोठ्या रेकॉर्डिंगले." त्याचा चेहरा खरोखर आनंदी होता. "माहा आवाज लई ठिकाणी ऐकतील भाऊ आता."

गाडी आली. ठवरेंनी दिवाकरला आतच बसवून ठेवलं होतं आणि म्हाताऱ्याला माग पुन्हा सुरू करायला लावला होता, म्हणजे बोळ नेहमीसारखा वाटेल. संध्याकाळी, बाया पाणी भरत होत्या तेव्हा, एक मेटॅडोर बोळाच्या तोंडाशी लागली. चालवणाऱ्याला धरलं. तो भाड्याचा ड्रायव्हर होता. "या बोळातून एक सवारी घ्यायची आणि पाटणसावंगीच्या पुढं सोडायची," एवढंच त्याला सांगितलं होतं. मागे दोन फावडी होती आणि चुन्याची पोती. ड्रायव्हर म्हणाला, बांधकामाचं सामान असेल.

हिंदीवाला आला नाही. तो कधीच सापडला नाही.

ठाण्यात दिवाकर काही कबूल करेना. तो चिडला. हे लोक त्याचे होते, त्याच्या आवाजाला पहिल्यांदा कोणी तरी किंमत दिली होती. चुना त्यालाच पुरायला होता असं सांगितलं तर म्हणाला, पोलिसांनीच ठेवला असेल. तेव्हा साहेब मला म्हणाले, "टेप ऐकवा."

मी लावली. स्वतःचा आवाज ऐकून त्याचे ओठ टेपसोबत हलायला लागले. मग 'चाय पी ले' आलं. तो म्हणाला, "इथं मी उठलो होतो."

"हो," मी म्हटलं. "पुढं ऐक."

म्हातारा बोलत राहिला. साहेब वाक्यावाक्याला भाषांतर करत गेले. दिवाकर म्हाताऱ्याचा आवाज लक्ष देऊन ऐकत होता. शेवटचं वाक्य झालं, खट्ट झालं. त्याने टेपरेकॉर्डरकडे बोट केलं.

"हे माह्यासाठीच हाय का भाऊ?"

"जो कोणी हे आपल्या आवाजात बोलेल त्याच्यासाठी आहे. तू बोलला."

"किती प्रेमानं बोलते नाही तो," दिवाकर म्हणाला. मग त्याचा चेहरा वाकडातिकडा झाला आणि तो लहान मुलासारखा रडला. रडून झाल्यावर त्याने मान वर केली. "मले... पाणी द्या."

त्या थांबण्याने ठवरेंनी माझ्याकडे पाहिलं. पाणी मागतानाही तो त्या मेलेल्या माणसासारखाच थांबला होता. त्याला ते कळलं नव्हतं.

त्यानंतर त्याने सगळं सांगितलं. त्यावरून आणखी स्फोटकांचा माल सापडला. त्यातला काही सदरमधल्या एका सायकल स्टँडच्या मागे पुरलेला होता. मी माझी सायकल तिथेच लावत असे. काही मुलं पकडली गेली. सगळी इथलीच, आपल्याच शाळांतली. म्हाताऱ्याचा देश कुठे आहे हे त्यांतल्या कुणाला नकाशावर दाखवता आलं नसतं.

दिवाकर माफीचा साक्षीदार झाला. सुटल्यावर तो आईला घेऊन दूरच्या गावी गेला. एकदा मला भेटायला आला होता. जाहिरातीचं काम देऊ केलं तर नको म्हणाला. किराणा दुकानात तो बसतो आणि गिऱ्हाइकाशी होता होईल तो बोलत नाही.

कोर्टात माझी साक्ष झाली. सरकारी वकिलांनी विचारलं, मी समजावून सांगितलं. खोलीतले तीन आवाज कसे वेगळे केले, रेकॉर्डिंगचं बटण चालू राहिल्यामुळे शेवटची वाक्यं कशी मिळाली, भिंतीपलीकडच्या मागावरून खोली कशी सापडली. वकील खूश झाले. दुसऱ्या दिवशी पेपरांत सगळं सविस्तर छापून आलं. माझ्या बायकोने ते कात्रण नातेवाइकांना दाखवलं.

त्यानंतर बराच काळ गेला. दिल्लीच्या साहेबांनी ठवरेंच्या हाती आणखी एक कॅसेट पाठवली. ती नागपूरची नव्हती. दुसऱ्याच प्रांतातली, दुसऱ्याच संघटनेची, भाषाही मला न येणारी. एक तरुण मुलगी बोलत होती. पण पहिल्या वाक्यातच मी ओळखलं. थांबायच्या जागा त्याच होत्या.

मी तिचा आवाज दाबून मागची खोली वर आणली. मागे काही नव्हतं. म्हातारा नाही, सांगणारा नाही, माग नाही, पंखा नाही. जाड गाद्या लावून बंद केलेल्या खोलीत ऐकू येतात तसे फक्त तिचे श्वास होते. शेवटी ती थांबली आणि त्याच क्षणी टेप बंद झाली. ह्या खेपेला कोणी बटण दाबायला विसरलं नव्हतं.

"काही मिळालं का, सोनकुसरे?" ठवरेंनी विचारलं.

"एवढंच, की त्यांनी आपले पेपर वाचले."

"अन् पोरगी?"

मी फीत उलटी फिरवली आणि पुन्हा पहिल्यापासून लावली. तिचा आवाज चांगला होता. तालमीत घोटलेला. "लवकर शोधा म्हणावं," मी म्हटलं. ठवरेंनी तिथूनच दिल्लीला फोन लावला. पुढे काय झालं ते आम्हाला कळवण्यात आलं नाही. त्या दिवसापासून कोर्टात मला कोणी काम कसं केलं हे विचारलं की मी एवढंच सांगत असे, "ऐकून."